ईस्टरची फुले माघात पेरावी लागतात

नाताळच्या सुमारास आपल्या धार-देवासकडच्या कुठल्याही ख्रिस्ती घराच्या अंगणात जा, फुलांना तोटा नसतो. झेंडू असतो, शेवंती असते, डेलियाची ताटाएवढी फुले असतात, कुंपणाशी हॉलीहॉकच्या काठ्या उभ्या असतात. गव्हाणीचा देखावा सजवून उरलेली फुले शेजारच्या घरांत जातात. मग तीन-साडेतीन महिने जातात. पुनरुत्थानाचा सण येतो, आमच्या श्रद्धेतला सर्वांत मोठा सण, आणि आदल्या दिवशी त्याच घरातला मुलगा फुलांसाठी इंदूरच्या बाजाराला पिटाळला जातो. तोही मोकळा नसेल तर कपाटातली प्लॅस्टिकची फुले धुऊन वेदीपुढे येतात. वर्षानुवर्षे आम्ही हे पाहत आलो आहोत, आणि आमच्याही घरी हे झाले आहे.

यात कोणाचा आळस नाही. चूक पंचांगाची आहे, म्हणजे आपण ते पाहत नाही त्याची. नाताळची फुले आपण आश्विन-कार्तिकात पेरतो. ती थंडीची झाडे. माळव्यात फाल्गुनाच्या अखेरीस कोरडा वारा सुटला, दुपार तापू लागली, की ती घाईघाईने बी धरतात आणि वाळतात. ईस्टरचा रविवार तर दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीतरी येतो. म्हणजे थंडीची फुले संपलेली आणि उन्हाळ्याची अजून यायची, नेमक्या त्या रिकाम्या जागेत. ती जागा भरायची तर उन्हाळी फुलांचे बी थंडी सरता सरता, माघातच जमिनीत गेले पाहिजे. या वेळी शेतात गहू ओंबीवर आलेला असतो, डॉलर चणा घाट्यांनी लगडलेला असतो आणि घरातल्या सगळ्यांचे लक्ष तिकडे असते. अंगण मागे पडते ते इथे.

हिशेब सोपा आहे. झिनिया, पिवळा-नारिंगी कॉसमॉस, बुटका झेंडू आणि तेरडा, ज्याला इकडे गुलमेंदी म्हणतात, ही चारही बी टाकल्यापासून साधारण ५५ ते ६५ दिवसांत फुलावर येतात. ईस्टरच्या तारखेपासून ६५ दिवस मागे मोजावे आणि त्या दिवशी बी टाकावे. उदाहरणार्थ, २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, तेव्हा बी २२ जानेवारीच्या आसपास पडायला हवे. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला आहे, तर ११ फेब्रुवारीपर्यंत सवड आहे. ईस्टर लवकर येतो त्या वर्षी अडचण असते, कारण जानेवारीत आपल्याकडे रात्री गार असतात आणि थंड मातीत हे बी रुसून बसते. त्या वर्षी बी घराच्या पूर्व किंवा दक्षिण भिंतीशी, पसरट कुंडीत किंवा फुटक्या माठाच्या बुडात टाकावे. भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. रोपे चार पानांची झाली की वाफ्यात न्यावीत. झिनियाला मात्र मुळे हलवलेली फारशी आवडत नाहीत. तिला मातीच्या गोळ्यासकट उचलावे किंवा थंडी मोडल्यावर जागेवरच पेरावे.

पाल्याची भीती माघाच्या सुरुवातीलाही संपलेली नसते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच बोटे गारठली, तर त्या रात्री पाला पडू शकतो हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. वाटाण्या-हरभऱ्यासाठी जे करतो तेच फुलांच्या रोपांसाठी करावे: संध्याकाळी हलके पाणी, वर गवताचे किंवा जुन्या गोणपाटाचे छप्पर, आणि सकाळी ऊन येताच ते काढून टाकणे. झाकण दिवसभर राहिले तर रोपे पिवळी आणि लांबट होतात.

आधी विहीर पाहा, मग वाफे आखा

बागेची पुस्तके मातीपासून सुरू होतात. आम्ही पाण्यापासून सुरू करतो, कारण माळव्यात बाग मरते ती मे महिन्यात, आणि ती मरणार की जगणार हे माघात ठरलेले असते. उत्साहाच्या भरात आठ वाफे पाडायचे, एप्रिलमध्ये विहीर खाली गेली की चार सोडून द्यायचे आणि मे उजाडता उजाडता उरलेले चारही जळताना पाहायचे, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

देवासकरांना तर पाण्याचे मोल निराळे सांगायला नकोच. १९९० च्या उन्हाळ्यात या शहराला आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले होते. स्टेशनवर पाण्याच्या वाघिणी उभ्या आहेत आणि लोक वाट पाहत आहेत, ही आठवण जुन्या माणसांच्या मनातून गेलेली नाही. पुढे २००६ पासून याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदायला सुरुवात केली, जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी तिला मोहिमेचे रूप दिले, आणि हजारो तळी झाली. ज्यांच्या शेतात असे तळे आहे त्यांनी या लेखातला पाण्याचा भाग वाचला नाही तरी चालेल. बाकीच्यांनी वाचावा.

तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एक वाफा घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात माती आणि झाडे मिळून दिवसाला सुमारे ८ मिलिमीटर पाणी उडवतात असे धरले, तर या एका वाफ्याला रोज बावीस-तेवीस लिटर पाणी लागते. म्हणजे मोठी दीड बादली. दोन वाफे म्हणजे तीन बादल्या. आता घरातल्या बाईला विचारा की मे महिन्यात पिण्याचे, गुरांचे आणि धुण्याचे भागल्यावर किती बादल्या उरतात. ती जो आकडा सांगेल त्यावर वाफे ठरवावे. तिने "एकच" म्हटले तर एकच. एक भरलेला वाफा वेदीच्या दोन फुलदाण्या आणि घरातल्या क्रुसापुढचा पेला सहज भरतो, तेव्हा त्यात कमीपणा नाही.

पाणी अर्ध्यावर आणण्याचे दोन उपाय आम्ही स्वतः करून पाहिले आहेत. पहिला, आच्छादन. सोयाबीनचा भुसा आपल्याकडे ढिगाने असतो. रोपे वीतभर झाली की त्यांच्या बुडाशी तीन बोटे जाडीचा थर द्यावा, मात्र खोडाला चिकटवू नये. दुसरा उपाय मडक्याचा. पाण्याचे जुने, न रंगवलेले, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत वाफ्याच्या मधोमध पुरावे, भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडके आपल्या मर्जीने पाझरत राहते आणि मुळे त्याच्याकडे वळतात. तीन फुटांच्या वाफ्याला दहा फुटांत तीन मडकी पुरतात. भांडी विसळलेले पाणी फुलांना चालते. कपड्याच्या पावडरचे पाणी मात्र काळ्या मातीत ओतू नये, त्यातल्या खारांनी ती आणखी चिकट होते. मोरीचे पाणी जिथे साचते तिथे कर्दळ लावावी. तिच्याइतकी हावरी आणि निर्लज्ज झाडे थोडी, सगळे पाणी पिऊन वर फुलते. तिचे जुने कंद काढून, डोळा पाहून, तुकडे करून लावायलाही हाच महिना.

काळी माती आणि वाफसा

आपल्या मातीचा स्वभाव सगळे जाणतात, पण अंगणात आल्यावर विसरतात. ओली असताना बुटाला धरते, वाळली की विटेसारखी होते, आणि मेमध्ये तिला भेगा पडतात. भेग पडताना नुसती माती फाटत नाही, तिच्यातली बारीक मुळेही तुटतात. पाणी घालूनही झाड का माना टाकते, याचे उत्तर पुष्कळदा तिथे असते.

म्हणून खणणे वाफशावरच झाले पाहिजे. मूठभर माती घेऊन दाबावी आणि कमरेच्या उंचीवरून सोडावी. ती फुटून पसरली तर वाफसा आहे. गोळा तसाच पडला तर दोन दिवस थांबावे. आम्ही एके वर्षी थांबलो नाही. पाहुणे यायचे होते, अंगण नीट दिसावे म्हणून ओल्यातच कुदळ घातली. जी ढेकळे निघाली ती पावसाळ्यापर्यंत फुटली नाहीत आणि त्यांच्यामधल्या पोकळीत तेरड्याची रोपे एकेक करून सुकली.

वीतभर, जमल्यास दीड वीत खोल खणावे, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढाव्यात आणि आठवडाभर ऊन खाऊ द्यावे. नंतर कुजलेले खत. वरच्या मापाच्या एका वाफ्याला चार-पाच घमेली भरून. थोडी जाड रेती किंवा मुरूम मिळाला तर चांगलेच, पण नुसत्या रेतीने काळी माती सुधारेल ही आशा धरू नये, खतानेच सुधारते. उन्हाळ्याचे वाफे जमिनीपेक्षा चार बोटे खाली ठेवावेत म्हणजे घातलेले पाणी आत राहते. पावसाळ्यात हेच वाफे उलटे, वर उचललेले लागतात. त्याबद्दल तेव्हा.

खताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट आपल्या शेजारची आहे आणि आपल्यालाच ठाऊक नसते. १९२४ मध्ये इंदूरला होळकरांच्या जमिनीवर एक शेतकी संशोधन संस्था निघाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते. त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे रसायनाचे जाणकार काम करत. माळव्याचा शेतकरी शेण गोवऱ्या थापून जाळतो, कपाशीच्या पळाट्या आणि तुरीच्या तुराट्या चुलीत घालतो, आणि जमीन उपाशी राहते, हे या दोघांनी पाहिले. शेण थोडे आणि काडीकचरा अमाप, तर थोड्या शेणात पुष्कळ काडी कशी कुजवावी, याची रीत त्यांनी बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघाले. पुढे जगभर सेंद्रिय शेती करणाऱ्यांत ती 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली. त्याच जागेवर पुढे इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे राहिले. पहिले धडे मात्र आपल्याच काळ्या मातीत आणि आपल्याच पळाट्यांवर गिरवले गेले.

रीत अशी. जाड काड्या आधी चेचल्या पाहिजेत. संस्थेत त्या रस्त्यावर पसरत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. आज ट्रॅक्टरचे चाक तेच काम करते. मग काडीकचऱ्याचा थर, त्यावर पाण्यात कालवलेले शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, चुलीची राख, पुन्हा काडी. ढीग दोन-तीन फुटांपेक्षा उंच करायचा नाही आणि तुडवायचा नाही, हवा खेळली पाहिजे. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवायचा. पंधरा दिवसांनी वरखाली करायचा, महिना झाल्यावर दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. संस्थेतले खड्डे तीस फूट लांब असत. अंगणाच्या बागेला चार फूट लांब-रुंद ढीग पुरे. आत्ता माघात ज्यांच्याकडे असे खत नाही त्यांनी शेजाऱ्याकडून जुने घ्यावे, आणि स्वतःचा ढीग चण्याचा भुसा निघताच घालावा.

कच्चे शेण मात्र घालू नये. त्यातून हुमणी येते आणि वाळवी येते. कच्चे शेण कुजताना रोपांच्या वाट्याचे नत्रही खाते.

देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ मध्ये फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस म्हणून राहिले होते. त्यांच्याकडे सोपवलेल्या कामांत दरबारचे बागबगीचेही होते. माळव्याचा उन्हाळा त्यांनीही भोगला. राजवाड्याच्या बागेला माळी आणि मोट असूनही उन्हाळा तो उन्हाळाच. आपण एका वाफ्याचे बोलत आहोत ते यासाठी.

बी, कलमे आणि जुनी झाडे

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल जावे, त्याहून जास्त नाही. पेरल्यावर वरून राखेची रेघ ओढावी, नाहीतर मुंग्या रातोरात बी पळवतात. झाऱ्याने हलके पाणी द्यावे. रोपे दाट उगवली तर दया न करता विरळ करावीत. झेंडूचे रोप महिन्याचे झाले की शेंडा खुडावा, त्याने फुले आठवडाभर उशिरा पण तिप्पट येतात. ईस्टर जवळ असेल तर काही रोपांचा शेंडा खुडावा आणि काहींचा ठेवावा, म्हणजे दोन हप्त्यांत फुले मिळतील. तेरड्याला दुपारची सावली द्यावी. झिनिया आणि कॉसमॉसला ऊन जितके द्याल तितके थोडे. पायरीच्या कडेला, जिथे दुसरे काही जगत नाही तिथे चिनी गुलाबाचे दोन बोटांचे तुकडे खोचावेत, ते फेब्रुवारीअखेर लागतात आणि पाऊस येईपर्यंत फुलत राहतात.

मोगऱ्याकडे जानेवारीच्या शेवटी वळावे. पंधरा दिवस पाणी तोडावे, पाने झडू द्यावीत, मग वाळक्या आणि वेड्यावाकड्या फांद्या छाटून झुडूप गुडघ्याएवढे करावे. बुडाभोवतीची माती हलवावी, दोन घमेली खत घालावे आणि पाणी सुरू करावे. मोगऱ्याची फुले कोवळ्या फुटीवर येतात. ज्याला छाटायचा जीव होत नाही त्याच्या मोगऱ्याला पानेच येतात. मे महिना पवित्र मारियेचा. संध्याकाळी जपमाळेच्या वेळी तिच्या पायांशी ठेवायला मोगऱ्याइतके योग्य फूल आपल्या हवेत दुसरे नाही. तो त्याच वेळी उमलतो.

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात झालेली असते. आता फक्त वाळकी फुले आणि किडक्या काड्या काढाव्यात. फेब्रुवारीत खोल छाटलेला गुलाब मार्चच्या उन्हात कोवळी फूट घेऊन सापडतो. शेवंती फुलून गेली की ती उपटून फेकू नये. वितीच्या अर्ध्यावर कापावी आणि बुडाशी आलेले फुटवे मुळांसकट सोडवून सावलीत लावावेत, पुढच्या नाताळची शेवंती तिथूनच येते. डेलियाचे शेंडे पूर्ण वाळले की कंद काढून कोरड्या वाळूत ठेवावेत. पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी कापावी, चीक वाळेपर्यंत चार-पाच दिवस सावलीत ठेवावी आणि मग लावावी. कापल्याबरोबर लावली तर कुजते. कब्रस्तानात चाफा लावण्याची आपली जुनी चाल आहे. ज्यांना आपल्या माणसांच्या कबरीशी तो लावायचा आहे त्यांनी हीच वेळ धरावी.

आता त्या लाल कंदाबद्दल, ज्याला पुष्कळ घरांत 'ईस्टर लिली' म्हणतात. परदेशात ईस्टरला वेदीवर जी पांढरी, कर्ण्यासारखी लिली असते ती निराळी. ती थंड हवेची, आपल्याकडे टिकत नाही. आपली ती हिप्पिएस्ट्रम. पोकळ दांड्यावर दोन-चार मोठी लाल किंवा केशरी फुले येतात. तिला उन्हाळ्याआधी विश्रांती लागते. डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद ठेवावे, पाने पिवळी पडली तरी घाबरू नये. मग पाणी सुरू केल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दांडा फुलतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. तेव्हा कपाळावर राख घेऊन घरी आलात की कंदाला पहिले पाणी घालावे, सोबत मूठभर खत. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, आणि ईस्टर मागेपुढे झाला तरी कंद त्याच्याबरोबर चालतो. दरवर्षी नेमका रविवार साधेलच असे नाही. आमचा दोनदा पुण्य शनिवारी फुलला, एकदा आठवडाभर उशिरा.

उपवासकाळात वेदीवर फुले ठेवू नयेत असा उपासनेचा नियम आहे. चौथा रविवार, मोठे सण आणि सोहळे, जसे १९ मार्चचा संत योसेफाचा सण, एवढे अपवाद. काही घरांतून विचारणा होते की मग या काळात बागेत राबायचे कशाला? नियम वेदीचा आहे, वाफ्याचा नाही. वेदी रिकामी असते तेव्हाच रोपे वाढतात, आणि रिकाम्या वेदीनंतर ईस्टर जागरणाच्या रात्री जी फुले येतात ती घरची असावीत, एवढेच आमचे म्हणणे. फुले वेदीच्या आजूबाजूला ठेवावीत, वेदीच्या माथ्यावर नव्हे, हेही त्याच नियमांत आहे. प्लॅस्टिकच्या फुलांबद्दल आमचे मत कडक आहे, आणि ते आम्ही धर्मगुरूंना तोंडावर सांगितले आहे. दोन झिनिया पेल्यात ठेवाव्यात.

हात, पाय आणि लेकरे

बागकाम जपून केले तर प्रकृतीला उत्तम आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर खणणे हे सांध्यांना आणि साखरेच्या रोग्यांना चांगले. पण चार गोष्टींत आम्ही निष्काळजीपणा पाहतो.

पहिली, अनवाणी पाय. शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. गुलाबाचा काटा, गंजका खिळा, कुदळीची खरचट पुरेशी होते. जखम साबणाच्या पाण्याने धुवावी, तिच्यात शेण, राख, हळद काही भरू नये. लस घेतल्याला पाच वर्षे होऊन गेली असतील तर आरोग्य केंद्रात जावे.

दुसरी, विंचू. थंडी सरली की दगडांच्या, विटांच्या आणि वाळल्या काडीच्या ढिगातून ते बाहेर पडतात. ढिगात हात घालू नये, आधी काठीने हलवावा. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात कितीतरी मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीने ती वाचू शकतात हे दाखवले. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र आणि पट्टी यांत वेळ न घालवता मुलाला दवाखान्यात न्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त सलते. शेतात कपाशीवर किंवा सोयाबीनवर मारून उरलेले औषध लोक अंगणातल्या फुलांवर मारतात. विचार करा: ती फुले लहान मुले तोडतात, त्याच हाताने शेंगदाणे खातात, बाई ती केसांत माळते. हे कदापि करू नये. मावा आणि पिठ्या ढेकूण यांना निंबोळीचा अर्क पुरतो. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळून दहा लिटर पाणी करावे, चिमूटभर साबण घालावा आणि संध्याकाळी फवारावे. जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण तर जुन्या दातांच्या ब्रशने साबणपाण्यात घासले तरी जातात. औषधाचा रिकामा डबा बागेत पाणी घालायला वापरणे हाही तितकाच वेडेपणा.

चौथी, कण्हेर. लाल असो, पांढरी असो की पिवळी बिट्टी, तिचे पान, फूल, बी सगळे विषारी आहे आणि हृदयावर घाव घालते. बकरीने खाल्ली तर बकरी जाते. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा बकऱ्या आहेत त्यांनी ती कुंपणाला लावू नये, लावलेली असेल तर छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नयेत आणि गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. जाता जाता कुंड्यांखालच्या बशा आणि झाकण नसलेली मडकीही पाहावीत. त्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडे केले नाही तर डासांची पैदास होते.

२५ फेब्रुवारीला उदयनगरला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. देवास जिल्ह्यातल्या याच भागात १९९५ साली त्या दिवशी सिस्टर राणी मारिया यांची बसमधून खाली ओढून हत्या झाली. भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवणे हा त्यांचा अपराध ठरला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांच्या स्मृतिदिनाला लोक लांबून फुले घेऊन येतात. आपल्या अंगणातल्या थंडीच्या फुलांचा हा शेवटचा भर असतो. त्या सकाळी सगळी फुले काढू नयेत. प्रत्येक वाफ्यातली सर्वांत टपोरी चार-पाच फुले फांदीवरच ठेवावीत, खुणेचा दोरा बांधावा आणि मार्चमध्ये ती वाळून तपकिरी झाली की बी कागदी पाकिटात भरून वर नाव आणि वर्ष लिहावे. बाकीचा वाफा परत आल्यावर उपटावा, काडी ढिगावर टाकावी, चार घमेली खत मिसळावे आणि दुसऱ्या खेपेचा तेरडा पेरावा. तो मे महिन्यात मोगऱ्याच्या सोबतीला येतो. बी आम्ही चिमूटभर जास्तच ठेवतो, ज्यांना हवे त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर मागून न्यावे. पाकीट मात्र आपले आणावे.